कालवा तुंबला तरी चारी वाहते : पायाच्या रक्तपुरवठ्याची गोष्ट



या पत्रकात एरवी उसाची लागण, कांद्याचे रोप, गाईगुरांचा चारा असे विषय असतात. या खेपेचा विषय आहे आपले स्वतःचे पाय. शेती खात्याचा माणूस पायांवर काय बोलणार, असे कुणी म्हणेल. पण विचार करा. विहिरीवरची मोटार जळाली तर दुसऱ्याच दिवशी आपण ती शिरूरला नाहीतर दौंडला नेऊन भरून आणतो. बैल लंगडला तर लगेच जनावरांच्या डॉक्टरला निरोप जातो. स्वतःची पोटरी दुखली की मात्र "वय झालं आता" म्हणून सोडून देतो. पोटरीच्या दुखण्याचा एक प्रकार असा आहे की तो सोडून दिला तर पुढे पाय गमावण्याची पाळी येते. वेळीच ओळखला तर बहुतेकांचा पाय वाचतो. तो कसा ओळखावा आणि काय करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही, कृषी पदवीधर विस्तार अधिकारी आहे. खालची माहिती वैद्यकशास्त्राने मान्य केलेली आहे. समजायला सोपे जावे म्हणून तिला पाटपाण्याचा आधार दिला आहे. तपासणी आणि औषध मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावे.

एका बागाईतदाराची गोष्ट

दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला एक ऊस बागाईतदार आहेत. वयाने साठीच्या आसपास. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या प्लॉटवर जायचे तर डांबरी रस्त्यापासून तीन बांध ओलांडावे लागतात. दुसऱ्या बांधावर बाभळीखाली नाना हमखास थांबायचे. "साहेब, पोटरी भरली. जरा टेकू द्या." दोन-तीन मिनिटे गेली की उठायचे आणि पुन्हा चांगले चालायचे. त्या दोन-तीन मिनिटांत एक बिडी ओढून व्हायची.

पुढच्या वर्षी नाना पहिल्याच बांधावर बसू लागले. मी उसाचे पान पिवळे पडले तर रस्त्यावरून ओळखतो, पण या माणसाचे थांबण्याचे ठिकाण अलीकडे आले हे काही माझ्या ध्यानात आले नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगठ्याजवळच्या बोटात काटा मोडला. बिब्बा घातला. जखम भरेना. महिन्याभरात बोट काळे पडले आणि नाना पुण्याच्या इस्पितळात दाखल झाले. मांडीतली मुख्य रक्तवाहिनी बंद निघाली. डॉक्टरांनी नानांच्या मुलाला सांगितले, "वाहिनी बंद होऊन बराच काळ झाला असावा. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी इतके दिवस पाय जगवला." बोट काढावे लागले, पाय वाचला.

या बारीक वाहिन्या म्हणजे काय, त्या कशा वाढतात आणि त्यांच्यावर भरवसा किती ठेवावा, हे नीट समजून घेऊ.

मुख्य कालवा, वितरिका आणि टेल

खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडला येते, चासकमान आणि घोड धरणांच्या कालव्यांचे शिरूरला. त्यामुळे मुख्य कालवा, वितरिका, चारी, पोटचारी ही रचना आपल्याला सांगायला नको. शरीराची रचना तशीच आहे. हृदय हा पंप. त्यातून निघालेली मोठी वाहिनी छातीतून पोटात उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीला तिचे दोन फाटे होतात, एक उजव्या पायाला आणि एक डाव्या. शुद्ध रक्त नेणाऱ्या या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात, काही पुस्तकांत धमनी असा शब्द असतो. अशुद्ध रक्त परत आणतात त्या नीला. पायावर निळसर दिसणाऱ्या शिरा त्या नीला होत. आपला आजचा विषय रोहिणीचा आहे.

जांघेत बोटे दाबून धरली तर रोहिणीचा ठोका लागतो. तेथून थोडे खाली तिचे दोन भाग होतात. एक भाग खोल जाऊन मांडीच्या स्नायूंना रक्त देतो. दुसरा मांडीतून सरळ खाली गुडघ्याच्या मागे जातो. तेथून तीन फाटे फुटतात आणि ते पोटरीतून पावलापर्यंत पोचतात. म्हणजे पाऊल हे टेल. कालव्यात वर काही बिघडले की पहिली ओरड टेलच्या शेतकऱ्याची असते. शरीरातही तसेच आहे. दोष मांडीत असतो आणि दुखते पोटरीत, जखम होते बोटाला.

कालवा कशाने तुंबतो

रोहिणीच्या आतल्या अस्तरावर वर्षानुवर्षे चरबी आणि चुना यांचा थर बसत जातो. वाहिनी कडक होते आणि आतली वाट अरुंद होते. हा थर लवकर आणि जास्त बसण्याची मोठी कारणे चार : तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल. वय वाढते तसा धोकाही वाढतो. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असणाऱ्यांनाही जपावे लागते. या सगळ्यांत पायाच्या रोहिणीचा सर्वांत मोठा वैरी तंबाखूचा धूर आहे.

दुसरा एक आजार तरुणांना होतो. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर या डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. यात चरबीचा थर नसतो. हातापायांच्या लहान आणि मध्यम वाहिन्यांना सूज येऊन त्यांत गुठळी होते. रुग्ण बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतला पुरुष असतो आणि तंबाखूचा नाद हे त्याचे जवळजवळ ठरलेले लक्षण. बिडी ओढणाऱ्या आपल्या देशात हा आजार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. याचा एकच खरा इलाज, तंबाखू कायमची बंद. "बिडी सोडली, आता नुसती चुना-तंबाखू मळतो" हे येथे चालत नाही. माता-भगिनींनीही ध्यानात ठेवावे की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे.

चालताना दुखते, थांबल्यावर राहते, ते का?

हिवाळ्यात पिकाची तहान कमी असते. तेव्हा निम्म्या आवर्तनातही भागते. एप्रिल-मेमध्ये उभ्या उसाला पाणी लागते आणि तीच चारी अपुरी पडते. पाणी तेवढेच असते, मागणी वाढलेली असते. पोटरीचे तसेच आहे. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. चालू लागले की स्नायूंची मागणी कितीतरी पटींनी वाढते. वाट अरुंद असली की पुरवठा कमी पडतो आणि पोटरीत गोळा येतो, ती भरून येते, जड होते. थांबले की मागणी उतरते आणि काही मिनिटांत दुखणे जाते. पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा दुखते.

ही खूण प्रथम जनावरात टिपली गेली, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. १८३१ साली फ्रान्समधील बुले या पशुवैद्याने असा एक घोडा नोंदवला, जो थोडे पळल्यावर मागच्या पायाने लंगडे आणि विश्रांतीनंतर पुन्हा ठीक होई. त्याच्या पायाची रोहिणी तुंबलेली होती. माणसातील हेच दुखणे शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८५८ साली मांडले.

चाऱ्या रुंद कशा होतात

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मांडीत आणि गुडघ्याभोवती बारीक वाहिन्यांचे जाळे जन्मापासूनच असते. मुख्य वाहिनीच्या वरच्या भागातून निघालेल्या काही बारीक फांद्या खालच्या भागातून निघालेल्या फांद्यांना मिळालेल्या असतात. एरवी त्यांतून नाममात्र रक्त वाहते. मुख्य वाट तुंबली की तुंबल्या जागेच्या खाली दाब कमी होतो आणि वरचे रक्त या फांद्यांतून वळसा घालून खाली उतरू लागते. डॉक्टर यांना कोलॅटरल वाहिन्या म्हणतात. आपण पर्यायी वाहिन्या म्हणू.

मातीच्या चारीत पाणी जोराने सोडले तर चारी आपोआप खोदली जाऊन रुंद होते. पर्यायी वाहिनीतही वाढलेल्या प्रवाहाची घासण आतल्या अस्तराला जाणवते. फरक एवढाच की माती झिजून वाहून जाते, वाहिनी मात्र जिवंत असल्याने ती स्वतःला नव्याने बांधते. रक्तातील काही पांढऱ्या पेशी तेथे जमतात, भिंतीचा स्नायू वाढतो, व्यास मोठा होतो. हे काम एका रात्रीत होत नाही. त्याला आठवडे, महिने लागतात.

याचा जुना दाखला लंडनचा आहे. डिसेंबर १७८५ मध्ये तेथील सेंट जॉर्ज रुग्णालयात एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागची रोहिणी फुग्यासारखी फुगली होती. अशा वेळी पाय कापण्याची रीत होती. जॉन हंटर या शल्यविशारदाने मांडीतच रोहिणी दोऱ्याने बांधून टाकली. मुख्य पुरवठा बंद केला तर पाय मरेल, अशी भीती होती. पण बांधलेल्या जागेच्या वरचे आणि खालचे फाटे उघडे होते. त्यांतून रक्त वळसा घालून खाली आले आणि दीडेक महिन्याने तो माणूस आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला. मांडीच्या स्नायूंतून रोहिणी जेथून जाते त्या वाटेला आजही डॉक्टर "हंटरचा कालवा" म्हणतात. मांडीतली रोहिणी तुंबण्याची नेहमीची जागाही तीच.

मग भरवसा किती ठेवावा?

येथे थोडा हिशेब करू. एक इंच पाइपाऐवजी अर्ध्या इंचाचे दोन पाइप जोडले तर पाणी तेवढेच येईल असे वाटते. तसे होत नाही. बारीक नळीत घर्षण फार असते. रक्तवाहिनीसारख्या संथ प्रवाहाच्या नळीचा नियम असा : दाब तोच ठेवून व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे एका मोठ्या वाहिनीची जागा भरायला निम्म्या व्यासाच्या सोळा वाहिन्या लागतील. म्हणून पर्यायी वाहिन्या पाय जगवतात, पण बहुतेकांचे पूर्वीसारखे चालणे त्या एकट्या परत देऊ शकत नाहीत. याच नियमाची चांगली बाजूही आहे. बारीक वाहिनीचा व्यास दुप्पट झाला तर तिचा प्रवाह सोळापट होतो. थोड्या वाढीचाही मोठा उपयोग होतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट वेळेची. तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडवरून जाते तेव्हा पुणे–सोलापूर रस्त्यावरची वाहतूक आधीच आतल्या रस्त्यांनी वळवलेली असते. सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून कसेबसे निभावते. पण रात्री अचानक एखाद्या चौकात ट्रक उलटला तर आडरस्त्याचे तोंडही बंद होते. रोहिणी हळूहळू अरुंद होत गेली तर पर्यायी वाटा तयार व्हायला अवधी मिळतो. हृदयातून सुटलेली गुठळी एकाएकी फाट्यावर येऊन अडकली तर मुख्य वाट आणि फाटे दोन्ही एकदम बंद होतात. तेव्हा पाय अचानक थंड पडतो, पांढरा होतो, भयंकर दुखतो, मुंग्या येतात, बधिर होतो, बोटे हलवता येत नाहीत. हे तासांचे काम आहे. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची आशा चांगली असते. सकाळची वाट पाहू नये, शेकू नये, चोळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मोठ्या रुग्णालयात जावे.

तिसरी गोष्ट अशी की मधुमेह, तंबाखू आणि वाढते वय पर्यायी वाहिन्यांची वाढही खुंटवतात. ज्या कारणाने कालवा तुंबतो त्याच कारणाने चारीही रुंद होत नाही.

कोणते दुखणे कशाचे?

पाय दुखणे म्हणजे दर वेळी रोहिणीच तुंबली असे नाही. साधारण ओळख अशी :

१. चालल्यावर ठरावीक अंतराने पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखतो आणि नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत राहतो : रोहिणीची शंका घ्यावी.

२. उभे राहून पाय जड होतात, शिरा फुगलेल्या दिसतात, पाय वर उशीवर ठेवले की बरे वाटते : बहुधा नीलेचा विकार.

३. चालताना दोन्ही पायांत कळ येते, नुसते थांबून भागत नाही, खाली बसले किंवा पुढे वाकले की आराम पडतो : कमरेच्या मणक्यात नस दबलेली असू शकते.

४. पहिली चार पावलेच दुखतात, नंतर पाय मोकळा होतो : बहुधा सांध्याचे दुखणे.

५. रात्री आडवे झाल्यावर पाऊल ठणकते आणि खाटेवरून पाय खाली सोडला की बरे वाटते : रोहिणीचा आजार फार पुढे गेला आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

याशिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड लागणे, नडगीवरचे केस जाणे, कातडी पातळ व चकचकीत होणे, बोटांची जखम दोन आठवड्यांत न भरणे, या खुणाही ध्यानात ठेवाव्यात. मधुमेही माणसाच्या बाबतीत एक मोठी फसवणूक होते. त्याच्या पावलाची संवेदना गेलेली असते. त्यामुळे दुखत नाही म्हणजे सारे ठीक, असे त्याला म्हणता येत नाही.

तपासणी साधी आहे

डॉक्टर प्रथम पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे ठोका लागतो का ते पाहतात. (काही निरोगी माणसांत पावलावरचा ठोका जन्मतःच लागत नाही. घरी सापडला नाही म्हणून घाबरू नये.) नंतर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. घोट्याच्या वरच्या आकड्याला दंडाच्या वरच्या आकड्याने भागायचे. समजा दंडाचा १४० आणि घोट्याचा ८४ आला, तर भागाकार ०.६ येतो. एक किंवा थोडा जास्त आला तर ठीक. ०.९ किंवा त्याहून कमी आला तर रोहिणीत अडथळा आहे. ०.४ च्या खाली गेला तर पाय धोक्यात आहे. मधुमेहात वाहिन्या चुन्याने कडक झाल्यामुळे आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. गरज पडली तर सोनोग्राफीसारख्या डॉप्लर यंत्राने वाहिनी पाहतात. यात सुई टोचत नाहीत, दुखत नाही.

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तेथून शिरूर किंवा दौंडचे सरकारी रुग्णालय आणि पुढे लागल्यास पुण्याचे ससून रुग्णालय असा मार्ग आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवावे.

चालण्याचे औषध

हा आजार असणाऱ्यांना चालणे हेच औषध आहे. मात्र ते पद्धतशीर घ्यावे लागते. हृदयाचाही दोष असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. पायावर जखम असेल किंवा रात्री पाऊल ठणकत असेल तर हा व्यायाम स्वतःहून सुरू करू नये.

पद्धत अशी : सपाट रस्ता निवडा. कालव्याच्या कडेचा सेवारस्ता किंवा गावची सडक चालेल. तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल अशा वेगाने चाला. दुखू लागले की लगेच बसू नका. मध्यम दुखेपर्यंत आणखी थोडे चाला. मग पूर्ण थांबा. दुखणे साफ गेले की पुन्हा चाला. असे आलटून पालटून सुरुवातीला अर्धा तास, हळूहळू पाऊण तास. आठवड्यातून किमान तीन दिवस आणि निदान बारा आठवडे. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजा. पहिल्या दिवशी कितव्या खांबाला दुखले ते कॅलेंडरवर लिहा आणि दर आठवड्याला ताडून पाहा.

याने चालण्याचे अंतर बऱ्याच जणांचे चांगले वाढते. ते केवळ पर्यायी वाहिन्या रुंद झाल्यामुळे वाढते असे मात्र नाही. घोट्याचा दाब पुष्कळदा फारसा बदलत नाही, तरी माणूस जास्त चालू लागतो. कारण आलेले रक्त काटकसरीने वापरायला स्नायू शिकतात आणि वाहिन्यांचे अस्तर सुधारते. ठिबक बसवल्यावर तेवढ्याच पाण्यात जास्त ऊस भिजतो, तसे हे आहे.

याच्या जोडीला डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी देतात. त्या गोळ्या पायासाठी असतातच, शिवाय हृदयासाठी आणि मेंदूसाठीही असतात. ज्याच्या पायाची रोहिणी तुंबली त्याला हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका जास्त असतो. गोळ्या मनाने सुरू करू नयेत आणि बरे वाटले म्हणून बंदही करू नयेत.

एवढ्याने भागले नाही तर वाहिनीत फुगा घालून वाट मोकळी करतात. वाहिनीच्या आतून वाट मोकळी करण्याचा उपाय १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी प्रथम केला, तेव्हा फुगा मात्र नव्हता. पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंचा पाय त्यांनी वाचवला. दुसरा उपाय बायपासचा. पायातलीच एक नीला काढून तुंबलेल्या भागाला वळसा घालून जोडतात. १९४८ साली पॅरिसमध्ये डॉ. कुन्लिन यांनी मांडीपासून गुडघ्यामागे असा जोड प्रथम दिला. म्हणजे नवा कालवाच खोदला म्हणा.

पायांची निगा

रानात अनवाणी जाऊ नये. दारे धरायला रात्री जाताना बूट आणि बॅटरी हवीच. ओल्या चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्या माणसाला पाहायला सांगावे. भेगांना खोबरेल तेल लावावे, बेचक्यांत मात्र तेल नको. कुरूप ब्लेडने कापू नये. जखमेवर बिब्बा, चुना, तंबाखूची चिमूट यांतले काहीही लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि रक्त कमी पडणाऱ्या पायावर ते भाजलेले भरून येत नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवीही ठेवू नये. लोकरीचे सैल मोजे घालावेत.

शंका-समाधान

*शंका :* आम्ही दिवसभर रानात राबतो. मग वेगळे चालायचे कशाला?

*उत्तर :* रानातले काम थांबत-थांबत होते. पोटरी दुखायच्या आत आपण वाकतो, बसतो, टेकतो. स्नायूंना आणि वाहिन्यांना जो ताण मिळायला हवा तो मिळत नाही. म्हणून सलग चालणे वेगळे करावे लागते.

*शंका :* नव्या वाहिन्या उगवणारे इंजेक्शन निघाले आहे म्हणे?

*उत्तर :* प्रयत्न बरेच झाले. अशा एका उपचाराची ३० देशांत ५२५ रुग्णांवर चाचणी झाली. २०११ साली निकाल आला, त्यात पाय कापण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. संशोधन चालू आहे. पण कुणी खात्रीने पैसे मागू लागला तर आधी सरकारी रुग्णालयात विचारून घ्यावे.

*शंका :* पाय दुखतो म्हणून घट्ट मोजे घालावेत का?

*उत्तर :* ते नीलेच्या विकारासाठी असतात. रोहिणी तुंबलेल्या पायावर घट्ट मोजे घातले तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. तपासल्याशिवाय घालू नयेत.

*शंका :* चाळीस वर्षे बिडी ओढली, आता सोडून काय उपयोग?

*उत्तर :* उपयोग आहे, कोणत्याही वयात आहे. जे सोडतात त्यांचा पाय कापावा लागण्याचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी असतो आणि केलेला बायपासही जास्त टिकतो.

लक्षात ठेवा

• चालताना पोटरी दुखते आणि थांबले की राहते, हे वयाचे दुखणे समजू नये.
• पर्यायी वाहिन्या मुदत वाढवून देतात. त्या मुदतीत तपासणी करून घ्यावी.
• बिडी, सिगारेट, चुना-तंबाखू, मिश्री, सगळे बंद.
• साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा.
• पद्धतशीर चालावे, पाय रोज पाहावेत.
• पाय एकाएकी थंड आणि पांढरा पडला तर १०८.

नाना आता सकाळी कालव्याच्या रस्त्याने चालतात. बिडीचे बंडल घरात येत नाही, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. बोट गेल्यामुळे चप्पल नीट बसत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घालतात. परवा प्लॉटवर गेलो तेव्हा बाभळीपाशी मीच थांबलो आणि विचारले, "नाना, टेकायचं का?" ते म्हणाले, "पुढच्या बांधावर बघू." मी आता कुठल्याही गावाला गेलो की उसाबरोबर माणसाची चालही पाहतो. आपणही आपल्या घरच्या थोरामोठ्यांची चाल पाहा. कोण कुठे थांबते, आणि थांबायची जागा अलीकडे येते आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.